बेटावरची खोली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात की माझा धागा तुटतो, आणि मग चहा गार होतो पण गोष्ट संपत नाही.

तर आधी कबूल करून टाकते. जगात येड्या बायका पुष्कळ आहेत. पण समुद्राकाठची खोली हातात आलेली असताना ती आपणहून परत करणारी, आणि वर त्या आनंदात शेजारणीला वाटीभर शिरा नेऊन देणारी, अशी मी एकटीच असेन. का परत केली? तर मला कानडी येतं म्हणून!

येतं म्हणजे काय, आपल्या सोलापुरात मंडईत येतं तेवढंच की. 'एष्टु' म्हणजे केवढ्याला. 'बेड' म्हणजे नको. 'नीरु' म्हणजे पाणी. 'गुड्डा' म्हणजे डोंगर. झालं, संपली विद्या. एवढ्यावर मी स्वतःला दुभाषी समजत होते बघा. अजिबात येत नसतं ना, तर वाचले असते.

दुष्काळ नुकता सरला होता. नळाला पाणी यायला लागलं होतं, तरी रिकामी घागर दिसली की छातीत धस्स व्हायचं, असे ते दिवस. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मोहोळकडच्या खेड्यातल्या. जन्मभर पाणी शेंदलेलं. हंडा डोक्यावर घेऊन गुडघे झिजवलेले. एक दिवस भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाल्या,

"मला एकदा समुद्रात पाय बुडवायचं हाय."

आमचे हे पाटबंधारे खात्यात. पाण्याच्या खात्यात नोकरी, पण पाणी बघितलेलं फक्त फायलीत. त्यांच्या हातातला घास तसाच राहिला.

"एकदम समुद्र? का गं आई?"

"येवढं पानी एका जागी हाय म्हनत्यात. खरं हाय का बगून यावं म्हनलं. पर आदीच सांगते, माजं गुडघं ऱ्हायलं न्हाईत. दारातनं पाय टाकला की समुद्र पायजे. चालाया लावलं तर मी न्हाय यायची."

सोलापूरच्या बाईनं आयुष्यात एकच हट्ट धरला, आणि तोही पाण्याचा! मला भरून आलं. त्याच मिनिटाला मी ठरवलं की आत्याबाईंना समुद्र दाखवीन तर असा दाखवीन की पाऊल उचलायला नको.

आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. माणसांच्या पायाला भिंगरी असते, माझ्या डोक्यालाच आहे. एकदा काही डोक्यात शिरलं की मी धड बसत नाही, धड झोपत नाही. भाजी फोडणीला टाकते आणि मीठ हातात धरून अंगणात फिरते. ह्यांचं उलट. हे शांत. ह्यांनी ऑफिसात कुणाला तरी विचारलं, त्यानं आणखी कुणाला विचारलं, आणि कर्नाटकात, कारवारकडच्या कुमठ्याला अगदी वाळूवर असलेल्या सरकारी विश्रामगृहात एक खोली मिळवलीसुद्धा.

"पायरी उतरली की वाळू, वाळू संपली की समुद्र," हे म्हणाले आणि पेपर उघडला.

झालं ना? संपायला पाहिजे होतं ना इथं? पण मी कसली!

"वाळू किती आहे?"

"म्हणजे?"

"पायरीपासून समुद्रापर्यंत वाळू किती चालायची?"

"असेल थोडी."

"थोडी म्हणजे? इथनं नळापर्यंत? का इथनं कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत? आत्याबाईंनी काय सांगितलंय? दारात! वाळूत पाय रुततात. गुडघेदुखीच्या माणसाला वाळू म्हणजे शिक्षा!"

"अगं, मी काय वाळू मोजून आलोय का?"

"तेच म्हणते मी. न मोजता कशी घेतली खोली?"

पेपर वर गेला, मागं हे गुप्त झाले. मी मात्र घरभर येरझाऱ्या घालायला लागले. येईल त्याला विचारायची, "तुम्ही समुद्र बघितलाय? वाळू किती असते हो?" दूधवाल्यालासुद्धा विचारलं. तो म्हणाला, "बाई, आमी सीना नदीच्या पलीकडं गेलो न्हाय."

आणि नेमक्या अशा वेळी हेगडेबाई आल्या.

हेगडेबाई आमच्या शेजारी. यजमान बँकेत, बदलीनं सोलापूरला आलेले. माणूस सोन्यासारखं, पण मराठी अशी की ऐकताना आपलीच चुकते की काय असं वाटावं. त्या दुधाला विरजण मागायला आल्या होत्या. मी विरजण द्यायच्या आधी वाळूचं विचारलं.

"कुमठा?" त्यांचे डोळे असे चमकले! "अय्यो कमलबाई, तो तर आमचा गाव की! आमचा अण्णाचा घर आहे तिथं. मोठा घर आहे. बेट्टावर!"

माझ्या हातातली वाटी थांबली. "काय म्हणता? बेटावर?"

"हौदु, हौदु! बेट्टावर. सगळ्या बेट्टावर एकच घर. दुसरा कोण नाही."

"आणि समुद्र?"

"समुद्र काय विचारते! पुढचा दार उघडा, समुद्र. मागचा दार उघडा, खाडी. वारा तर असा येते, पदर राहत नाही अंगावर. आमचा आई दिवसभर बसून समुद्रच बघत होती."

आता सांगा! शाळेत काय शिकलो आपण? चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेली जमीन म्हणजे बेट. म्हणजे वाळूचा प्रश्नच मिटला की नाही? कुठलंही दार उघडा, दारात समुद्र! तरी बरं का, मी काही अगदीच भाबडी नाही. मी नीट चौकशी केली. चौकशी केली म्हणूनच तर अडकले.

"हेगडेबाई, पण आमच्या आत्याबाईंना चालवत नाही हो."

"मग काय झाला? आमचा आई पण चालत नव्हती. खुर्चीत बसवायचं, दोन माणूस उचलते."

बरोबर आहे, मी मनात म्हटलं. होडीत काय कुणी चालत चढतं? उचलूनच ठेवणार.

"होडीनंच जायचं ना पण?"

त्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं. मग हात हलवून म्हणाल्या, "ओडि? छे छे छे! ओडि नको. हळू हळू जायचं. ओडि गेला तर दम लागते. मधे मधे दगड आहे मोठा, त्याच्यावर बसायचं, पाणी प्यायचं, मग जायचं."

म्हणजे होडी जोरात न्यायची नाही, नावाड्याला दम लागतो. खरंच आहे, वल्हं मारणं म्हणजे काय गंमत आहे का! आणि समुद्रात खडक असतातच. दमला की टेकत असेल बिचारा.

"आणि प्यायचं पाणी?"

"पाणी तेवढा खालून आणते आमचा वैनी. वर विहीर नाही."

'खालून' जरा खटकलं. पण म्हटलं, कानडी माणूस 'पलीकडून'ला 'खालून' म्हणत असेल. बेटावर गोडं पाणी कुठलं असणार? पटलं! सगळं पटलं! असं एकेक उत्तर माझ्या बेटात चपखल बसत गेलं बघा.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "कुमठ्याजवळ बेट? मला नाही वाटत नकाशात आहे."

"तुमच्या खात्याच्या नकाशात आपल्या गल्लीतली विहीर तरी आहे का?"

आणि मी ह्यांना ती सरकारी खोली सोडायला लावली. ती लगेच ह्यांच्याच ऑफिसातल्या देशमान्यांनी घेतली. देशमानेबाई मला म्हणाल्या, "अहो, राहू द्यायची की." मी म्हणाले, "छे हो! काठावर काय राहायचं? आम्ही बेटावर राहणार." त्या 'राहणार'मध्ये माझी मान किती वर गेली होती म्हणून सांगू!

मग तयारी. बेट म्हटल्यावर पाणी, आणि पाणी म्हटल्यावर बुडायची भीती. आमच्यात पोहायला येतंय कुणाला? टेंभुर्णीचे एक ट्रकवाले ह्यांच्या ओळखीचे होते. त्यांच्याकडनं ट्रकच्या चाकाची ट्यूब आणवली. काळीकुळकुळीत, रेडकाएवढी.

"ही कुणासाठी?" ह्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठी. आत्याबाईंना पाय बुडवायचेत. तुम्ही बुडाल."

कडक भाकरी घेतल्या, शेंगाची चटणी घेतली, ट्यूब वळकटीला बांधली आणि निघालो. हुबळीपर्यंत गाडीनं, तिथनं घाटातनं लाल बसनं. बसमध्ये मी दर वळणाला उभी राहायची, "दिसला का समुद्र?" कंडक्टरनं शेवटी मला खिडकी दिली, म्हणजे मी बसेन म्हणून. तरी बसले नाही. आत्याबाई मात्र ओच्यात सुपारी घेऊन देवासारख्या निवांत.

गावाबाहेर बस थांबली. हेगडेबाईंचे अण्णा स्वतः घ्यायला आलेले. पंचा नेसलेले, उघडे, हसरे. सोबत दोन गडी आणि एक वेताची खुर्ची. मराठी त्यांना येत होती, कोकणीच्या अंगानं, पण बोलता बोलता कानडीत घसरायची.

समोर डोंगर. हिरवागार, चांगला उंच. समुद्र कुठं दिसेना. मी आपली टाचा उंचावून इकडं तिकडं.

"अण्णा, होडी कुठाय?"

अण्णा दचकले. हात जोडल्यासारखे करून म्हणाले, "ओडबेडि, ओडबेडि! हळू!"

माझी कानडी जागी झाली! 'बेड' म्हणजे नको. होडी बेड. होडी नको! मी ह्यांच्याकडं वळून सांगितलं, "होडीची गरज नाही म्हणतायत. ओहोटी असणार. चालत जाता येतंय."

"तुला एवढं कानडी येतं?" ह्यांनी कौतुकानं विचारलं.

"मग!"

आत्याबाईंना खुर्चीत बसवलं. गड्यांनी खुर्ची उचलली आणि सरळ डोंगर चढायला लागले. मला वाटलं, हा वाटेतला डोंगर आहे. तो ओलांडायचा, पलीकडं उतरायचं, मग समुद्र, मग बेट. साधी गोष्ट आहे! मी पुढं. मागं खुर्ची. सगळ्यात मागं हे, गळ्यात ट्यूब घालून.

बाई गं, काय ती चढण! दगडी पायऱ्या, त्यासुद्धा एक गुडघ्याएवढी तर एक बोटभर. मधे एक मोठा दगड लागला. अण्णा म्हणाले, बसा, पाणी प्या. मी बसले, पाणी प्याले, आणि काहीतरी आठवल्यासारखं झालं. पण धाप एवढी लागली होती की विचार करायला जागाच नव्हती.

"कमळे," मागनं खुर्चीतनं आत्याबाई म्हणाल्या, "समुद्र खाली असतो का वर?"

"खालीच, आत्याबाई. पलीकडं. आत्ता उतार लागेल."

उतार लागलाच नाही. लागलं ते घर. छान कौलारू, सारवलेलं अंगण, चहूकडं फणस. गड्यांनी खुर्ची अंगणात ठेवली आणि घाम पुसला. अण्णा म्हणाले, "या, पाय धुवा."

मी म्हटलं, वाटेत चहाला थांबवलं असेल. चहा घेतला. पोहे खाल्ले. मग राहवेना. पदर खोचून उभी राहिले.

"चला अण्णा, निघू या. उजेडी बेटावर पोचलेलं बरं."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. ह्यांच्याकडं बघितलं. मग सावकाश उजवा पाय उचलला आणि अंगणात दाणकन आपटला.

"इदे बेट्ट!"

"कुठं?"

पुन्हा दाणकन. "हेच! हेच बेट्ट. आणखी कुठं जाणार? वर आकाश आहे."

"अहो, पण बेट म्हणजे... पाणी... चारी बाजूंनी..."

ह्यांनी गळ्यातली ट्यूब काढून खाली ठेवली. अगदी शांतपणे अण्णांना विचारलं, "बेट्ट म्हणजे काय हो?"

"बेट्ट म्हणजे डोंगर."

"आणि ते मघाशी म्हणालात ते, ओडबेडि?"

"ओडबेडि म्हणजे पळू नका. बाई सारख्या 'ओडि, ओडि' म्हणत होत्या. ओडि म्हणजे पळत. चढणीवर पळायचं नसतं."

मी तिथंच पायरीवर बसले. डोंगराला गुड्डा म्हणतात, हे मी सोलापुरात शिकले होते! बेट्ट कुणी सांगितलं होतं मला? एकाच डोंगराला कानडीत दोन-दोन नावं लागतात कशाला, मी म्हणते?

आणि हेगडेबाई खोटं काहीच बोलल्या नव्हत्या, हे सगळ्यात वाईट. पुढचं दार उघडलं. समुद्र! निळा, केवढा, डोळ्यांत मावेना. मागचं दार उघडलं. खाडी! वाराही असा की पदर राहीना. फक्त समुद्र होता तो दारात नव्हता, दाराच्या लई लई खाली होता.

आत्याबाईंनी खुर्चीतनं बराच वेळ बघितलं.

"पानी लई हाय," त्या म्हणाल्या. "पर लांब हाय."

हे अंगणाच्या कडेला उभे होते. मला जवळ बोलावलं. खाली वाळूवर लाल कौलांचं एक ठिपक्याएवढं घर दिसत होतं. त्याच्या पायरीपाशी लाट यायची आणि जायची.

"ती आपली खोली," हे म्हणाले. "वाळू फार नाहीये."

खोलीसमोर कुणीतरी जांभळं इरकल वाळत घातलं होतं. देशमानेबाईंचं, मी एवढ्या वरनं ओळखलं.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला चैन म्हणून नाही. आत्याबाईंचे गुडघे प्रवासानं सुजलेले. खुर्चीत बसवून खाली नेऊ म्हटलं, तर त्या ठाम. "चढताना बसले, मागं रेलायला मिळालं. उतरताना म्होरं दरी दिसंल. मी न्हाय बसायची. निघायच्या दिशी एकदाच डोळं मिटून उतरीन." अण्णा म्हणाले, निघायच्या दिवशी खाली बैलगाडी मिळाली तर वाळूवरनं नेऊ, पाय बुडवू, मग बस. आणि गाडी नाहीच मिळाली तर? "बघू," अण्णा म्हणाले. कुमठ्याकडं 'बघू' म्हणजे काय, ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

सगळे निवांत! हे फणसाखाली आडवे. आत्याबाई ओसरीवर. त्यांना तर ट्यूब सापडली. अण्णांनी ती ट्यूब पहिल्याच दिवशी निरखून बघितली होती आणि ह्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "मूळव्याधीचा त्रास फार आहे का?" हे भिडस्त. एवढ्या वर ट्यूब कशाला आणली, ते सांगण्यापेक्षा मूळव्याध बरी, असं वाटून "थोडा" म्हणाले. तेव्हापासून आम्हाला दोन्ही वेळेला सुरणाची भाजी, बिनतिखटाची. आणि त्या ट्यूबवर गादी टाकून आत्याबाई अशा आरामात बसायच्या, की समुद्र बघावा तर असा.

मीच एकटी तळमळत होते. बैलगाडी मिळाली नाही तर? म्हातारीनं जन्मात एक मागितलं, आणि मी काय केलं? डोंगरावर नेऊन ठेवलं! पुढच्या दारी जायची, समुद्र दिसला की मागच्या दारी यायची. तिथं खाडी दिसायची. पळायला जागाच नाही!

शेवटी एका सकाळी उठले आणि आत्याबाईंसमोर जाऊन उभी राहिले.

"आत्याबाई, तुम्ही समुद्राकडं जाऊ शकत नाही ना? मी समुद्र वर आणते. आज तुमचे पाय समुद्रात बुडवते की नाही बघा!"

त्यांनी सुपारी कातरता कातरता नुसती मान हलवली.

पडवीतली तांब्याची घागर घेतली आणि निघाले. अहो, सोलापूरची बाई आहे मी! दुष्काळात टँकरमागं धावलेली. एक घागर काय जड आहे मला? उतरले, वाळू तुडवली, लाटेत घागर बुचकळली. काठोकाठ भरली. आणि चढायला लागले. यावेळी 'ओडबेडि' सांगायला कुणी नव्हतं. पाय लटलटत होते, पाठीत कळा येत होत्या, घागर कधी कमरेवर, कधी डोक्यावर. मधल्या दगडावर टेकले. पण थेंब सांडू दिला नाही. मनात एकच, आत्याबाईंचे पाय परातीत ठेवीन, धार धरीन, म्हणेन, "घ्या समुद्र!"

पोचले. घागर पडवीत ठेवली. घामानं लुगडं एवढं भिजलेलं की आधी बदलायला गेले. नेसता नेसता जरा पाठ टेकली. जरा म्हणजे जराशीच हो. डोळा लागला.

उठून बाहेर येते तर घागर रिकामी.

स्वयंपाकघरात अण्णांच्या मंडळी होत्या. त्या वैनींना मराठीचं अक्षर येत नव्हतं. मला बघितल्याबरोबर आल्या आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांत पाणी! भरभर कानडीत काय काय बोलल्या, त्यातलं मला एकच कळलं. 'नीरु'. मग त्यांनी घागरीकडं बोट दाखवलं, खाली विहिरीकडं दाखवलं, स्वतःच्या कमरेला हात लावला, माझ्या गालावरनं बोटं फिरवून कानशिलावर मोडली. अण्णांनी मागनं सांगितलं, ह्या घरी लग्न होऊन आल्यापासून रोज त्या खालनं पाणी आणत होत्या. आजवर कुणा पाहुणीनं त्यांच्यासाठी घागर वर आणली नव्हती.

आणि चुलीवर? चुलीवर भात रटरटत होता. शेजारी सार. पलीकडं ताक, चांगलं पातळ केलेलं.

सांगा आता, काय बोलायचं? 'बाई, ते समुद्राचं आहे' हे कानडीत कसं म्हणतात? आणि येत असतं तरी त्या डोळ्यांकडं बघून तोंड उघडलं असतं का तुमचं? चव बघतील, म्हटलं, कळेल. पण नैवेद्याआधी चव बघायची पद्धत नाही त्या घरात! देवासमोर पान गेलं. मी मनातल्या मनात देवाच्या पाया पडले.

पानं मांडली. वैनींनी आज मला सगळ्यांत आधी वाढलं. मी भाताकडं बघत बसले.

अण्णांनी पहिला घास घेतला. चावणं थांबलं. बायकोकडं बघितलं. ती हसून माझ्याकडं हात करत काहीतरी म्हणाली. अण्णांनी डोळे मिटले आणि गिळला.

ह्यांनी घास घेतला. घाईघाईनं ताकाची वाटी तोंडाला लावली. वाटी तशीच हळूच खाली ठेवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा सुरणाच्या भाजीवर तुटून पडले.

मग आत्याबाईंनी भात कालवला. घास तोंडात घातला. सावकाश घोळवला. मी तर जमिनीत जायला तयार होते, पण खाली डोंगर होता.

त्यांनी घास गिळला आणि माझ्याकडं बघितलं.

"कमळे," त्या म्हणाल्या, "मी पाय समुद्रात म्हनलं हुतं. समुद्र पोटात न्हवं."